जीटी८६ की जीआर८६?

"नवी जीआर८६ म्हणजे मोठं इंजिन टाकलेली जुनी जीटी८६," असं टोयोटाच्या या दोन स्पोर्ट्स कारबद्दल म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. सांगाडा बराचसा तोच असला तरी पीळ सोसण्याची त्याची ताकद सुमारे ५० टक्क्यांनी वाढवली आहे, आणि ते वळणावर लगेच कळतं.

पण खरा फरक टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा. जुन्या २.० लिटर इंजिनाची कमाल २०५ न्यूटन-मीटर, तीही साडेसहा हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास. त्यात साधारण साडेतीन ते साडेचार हजारांच्या मध्ये टॉर्कला मोठा खड्डा! ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबावा आणि गाडीने जांभई द्यावी, असा प्रकार. नव्या २.४ लिटरमध्ये २५० न्यूटन-मीटर ३७०० आरपीएमलाच हजर. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) न लावता हे जमवलंय, याचं मला जास्त कौतुक.

आता जुनीची बाजू. तिला मुद्दाम कमी पकडीचे २१५ मिलिमीटर रुंदीचे मिशलिन प्रायमसी टायर दिले होते, त्यामुळे माफक वेगातही मागचा भाग मजेत सरकायचा. नवीच्या वरच्या मॉडेलला १८ इंची, मिशलिनचेच पायलट स्पोर्ट ४ टायर आहेत. पकड भरपूर, पण तीच मजा घ्यायला वेग वाढवावा लागतो. शिवाय नवीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवतात, ते मला अजिबात पटत नाही.

हँडब्रेक मात्र दोन्हींत हाताने ओढायचाच आहे. सेकंडहँड घेणार असाल आणि बजेट ताणता येत असेल, तर नवीच घ्या.