पॅरा गवतावरील गाईचा आहार कसा ठरवावा?

प्रश्न: गोरेगावच्या आरे वसाहतीजवळ आमच्या 400 किलो वजनाच्या संकरित गाई पॅरा गवतावर (उष्ण कटिबंधातील एक चारा गवत) चरतात, परंतु थंड प्रदेशातील आहार-तक्त्यांवरून अपेक्षिलेले दूध मिळत नाही. गणित कुठे चुकते?

उत्तर 1: उष्ण कटिबंधातील गवतात तंतू अधिक असून त्यांचे पचन मंद होते, त्यामुळे पोट आधी भरते आणि ऊर्जा अपुरी पडते. तंतूंचे सेवन वजनाच्या साधारण 1.2 टक्के, म्हणजे 4.8 किलो धरा. गवताच्या शुष्क भागात (पाणी वगळून उरणाऱ्या भागात) 65 टक्के तंतू असल्यास गाय सुमारे 7.4 किलोच शुष्क चारा खाईल. उरलेली ऊर्जा खुराकातूनच द्यावी लागेल.

उत्तर 2: प्रथिनेही अवश्य तपासून घ्या. पक्व झालेल्या गवतात ती 7 टक्क्यांखाली गेली, की कोटीपोटातील (गाईच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील) चारा पचवणारे जिवाणू मंदावतात आणि गाय आणखी कमी खाते. गवत कोवळे असतानाच चारावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उद्याच नमुना तपासणीस पाठवतो.