ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये दुसऱ्यांदा सापडले: दंडाऐवजी उपचाराचा आदेश मिळतो का?

धायरीकर

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे म्हणून आयडी नवा काढलाय.

आमच्या दाजींना गेल्या शनिवारी रात्री पुण्यात नवले पुलाजवळ नाकाबंदीत पकडलं. मशीनमध्ये फुंकायला लावलं, गाडी जमा, नोटीस हातात. ही दुसरी वेळ. मागे शिवाजीनगर कोर्टात १०,००० भरले, बाहेर येऊन मला म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं." त्याच संध्याकाळी परत बसले. ते पैसे ताईच्या भिशीचे होते.

दाजी माणूस वाईट नाही हो. बिबवेवाडीत फॅब्रिकेशनचं दुकान आहे, कामाला नाव ठेवायला जागा नाही. पण सकाळी चहाचा कप उचलला की अर्धा बशीत. एक क्वार्टर पोटात गेली की मग वेल्डिंगची रेघ सरळ येते. अशा माणसाला दंड वाढवून काय होणार? ताई म्हणते चार दिवस आत जाऊन येऊ देत. मला वाटतं, येतील ते थेट बारमध्येच.

मामेभाऊ अमेरिकेत आहे. तो सांगत होता, तिकडे वारंवार सापडणाऱ्यांसाठी वेगळं कोर्ट असतं आणि जज उपचार घ्यायलाच लावतो. आपल्याकडे असं काही आहे का? तारीख पुढच्या महिन्यात आहे.

कसबापेठी

३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगतील. सराव सुरू करा.

धायरीकर

@कसबापेठी, हे येणार माहीत होतं. कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला पोर्शेच्या धडकेत दोन जीव गेले, त्यावर त्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना निबंध लिही म्हटल्यावर लोक भडकले ते बरोबरच. पण त्याच आदेशात दारूसाठी समुपदेशनही सांगितलं होतं. निबंधापायी तेही चेष्टेवारी गेलं, आणि आता उपचार म्हटलं की लोकांना पळवाट वाटते.

ह्यूस्टनचा पाहुणा

पळवाट अजिबात नाही. इकडे त्याला डीडब्ल्यूआय कोर्ट म्हणतात, म्हणजे नशेत गाडी चालवणाऱ्यांचं कोर्ट. पहिलं १९९५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेसला सुरू झालं. त्याआधी १९८९ मध्ये मायामीत अमली पदार्थवाल्यांसाठी असंच कोर्ट निघालं होतं, त्याच धर्तीवर.

आमच्या शेजारचा एक जण त्यातून गेलाय. सुरुवातीला दर पंधरवड्याला जजसमोर उभं राहायचं. जज नावानिशी विचारणार, मीटिंगला गेलास का, कामावर जातोस का. सरकारी वकील, बचावाचा वकील, प्रोबेशन अधिकारी आणि उपचार करणारे, सगळे एकत्र बसून आधीच त्याची चर्चा करतात. तपासणीला कधी बोलावतील नेम नाही. गाडीला यंत्र बसवलेलं, नळीत फुंकल्याशिवाय चालूच होत नाही. हे सगळं वर्ष-दीड वर्ष. तो म्हणायचा, यापेक्षा तुरुंग सोपा होता.

साऊथ डकोटात तर २००५ पासून आणखी साधी पद्धत आहे. रोज सकाळ-संध्याकाळ फुंकायचं, सापडलास की लगेच एक-दोन दिवस आत. रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात त्यामुळे पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. शिक्षा छोटी, पण त्याच दिवशी.

काळा कोट

आपल्याकडे असं वेगळं कोर्ट नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ बघा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. मागच्या वेळी दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला, ते रेकॉर्डवर आहे. लायसन्सही जाऊ शकतं.

विचित्र प्रकार असा की एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ३९ खाली, थोडा माल घेऊन सापडलेल्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडता येतं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला तशी थेट तरतूद नाही.

पण १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे. त्याच्या कलम ४ खाली बाँड घेऊन, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडता येतं. देखरेख किमान एक वर्षाची, आणि नशेपासून दूर राहण्याची अट घालता येते, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. अमेरिकेतल्याच्या जवळ जाणारं आपल्याकडे हेच. मिळेलच असं नाही, कोर्टाच्या मर्जीचा भाग आहे. तुमच्या केसमध्ये कोणाला लागलेलं नाही, ही जमेची बाजू.

तेरावं वर्ष

कायद्याचं झालं, आता माझं ऐका. मी स्वतः रोज पिणारा होतो.

सकाळी हात थरथरतात म्हणता ना? मग घरी कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जातो, जिवावर बेततं. आधी डॉक्टर. जेवणात गुपचूप दारू सोडवायच्या गोळ्या मिसळण्याचा सल्ला कोणीतरी देईलच, तो ऐकू नका. त्यावर दारू पोटात गेली तर भलतंच होईल. आणि रात्री गाडी आणून माणूस उचलून नेणारी जी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, त्यांच्या नादी लागू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. संमतीशिवाय भरती करायची तर मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी लागते.

येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ मध्ये अवचट दांपत्याने सुरू केलेलं. तिथे जाऊन नुसतं बोलून या, ताईंनाही न्या. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या मीटिंगाही असतात.

धायरीकर

सगळ्यांचे आभार. रविवारी ताईकडे जातोय, सकाळीच बोलेन, संध्याकाळी काही उपयोग नाही. @काळा कोट, प्रोबेशनचं पहिल्याच तारखेला मागायचं का?

काळा कोट

ते दोषी ठरल्यावर, शिक्षा सुनावण्याआधी. म्हणजे मधे वेळ मिळतो. तोवर उपचार सुरू झाल्याची कागदपत्रं, डॉक्टरांचं पत्र, फॉलोअपच्या तारखा जमवा. कोर्टात "सोडतो साहेब" सगळेच म्हणतात. आणि घाईत दंड भरून मोकळे होऊ नका. वकील आधी करा, कबुलीचं नंतर बघू.