फोर्ट स्टिकिन : दोष बोटीचा की बोट भरणाऱ्यांचा?

गोदीचा_नातू :
१४ एप्रिल जवळ आला की फोर्ट स्टिकिनचं नाव निघतं, पण फक्त १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन फुटलेली बोट म्हणून. मला हे पटत नाही. १९४२ मध्ये कॅनडात प्रिन्स रुपर्टला बांधलेली, एकाच आराखड्यावर धडाधड बांधलेल्या 'फोर्ट' नावाच्या मालवाहू बोटींपैकी एक. ७,१४२ टनांची, कोळशावर चालणारी, वेग जेमतेम ११ नॉट. जर्मन पाणबुड्या मालवाहू बोटी बुडवत होत्या आणि असल्या बोटी बांधून ती खिंडारं भरली जात होती, म्हणून तर ब्रिटनला अन्न नि दारूगोळा पोचत राहिला. हिनंही फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघून माल मुंबईपर्यंत सुखरूप आणला, मग दोष तिचा कसा?

मांडवीकर :
सुखरूप म्हणू नका हो. पोटात १,४०० टनांच्या आसपास स्फोटकं, आणि कराचीत त्याच बोटीत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड भरलं! आमची आजी गोदीजवळच्या मांडवीत राहायची. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. ती म्हणायची, आभाळातून जळता कापूस पडत होता नि आम्ही अनवाणी पळालो. तुम्ही ज्याला सेवा म्हणता त्याची किंमत गोदीतल्या हमालांनी नि मांडवीच्या चाळींनी मोजली, हे आधी बोला.

बंबवाला :
दोघांचंही अर्धंच बरोबर. मी फायर ब्रिगेडमधला, म्हणून सांगतो. शांततेच्या काळात असला माल समुद्रात बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नावेवर, उतरवायचा नियम होता, युद्धाच्या घाईत तो सैल केला. बोट १२ तारखेला धक्क्याला लागली, १४ च्या दुपारी दोन नंबरच्या होल्डमधून (माल ठेवायच्या कप्प्यातून) धूर आला तेव्हा स्फोटकं आतच. बाहेरच्या पत्र्यावर रंगाला फोड आले, म्हणजे आग नेमकी कुठे आहे ते डोळ्यासमोर दिसत होतं, भोक पाडायला गॅस कटर आणला तर तो चालेना. आमचे ६६ जवान गेले. बोट खोल पाण्यात न्यायची की तिथेच विझवायची, हे ठामपणे सांगणारा एकही अधिकारी नव्हता, माझा राग त्यावर आहे.

गोदीचा_नातू :
हे मान्य. मांडवीकर, आजींबद्दल वाचून गलबलून आलं, तुमचं दुःख मी खोडत नाहीये. पण बघा, त्याच गोदीत तिचीच बहीण फोर्ट क्रेव्हियरही जळून गेली, तिचं नाव कुणी घेतं का? बोटीवर खापर फोडलं की कराचीत कापूस भरायला लावणारे सुटतात.

मांडवीकर :
त्यांना मी सोडतच नाही. पण आमच्या घरात 'स्टिकिन' हा शब्द आजही शिवीसारखाच आहे, तो मी पुसणार नाही.