मदत हवी आहे: फोर बाय फोर एटीव्ही घ्यायची आहे, कोणती घेऊ अन् आधी काय बदलू?

वावरातला_गडी

नमस्कार मंडळी, लय दिवसांपासून इथं नुसतं वाचतो, लिहून पहिल्यांदाच राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या. आपलं वावर मोर्शी-वरूड पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्रा आहे अन् बाकी कपाशी-तूर. घरून निघालो की दीड किलोमीटर डांबर, मग पांदण, मग नाला, अन् शेवटी गोट्यांचा चढ. पावसाळ्यात पांदणीचं काय सांगू, काळी माती बाईकच्या मडगार्डात अशी दाबून बसते की चाकच फिरत नाही, तुराटीनं कोरून काढा, दहा पावलं ढकला, पुन्हा कोरा. मागच्या श्रावणात बाईक धुऱ्यावर आडवी टाकून चपला हातात घेऊन घरी आलो तर बायको म्हणे, गाडी तुमची सून आहे का, माहेरी सोडून आले?

म्हणून एटीव्ही, म्हणजे चार जाड टायरची, बाईकसारख्या हँडलची गाडी. घरी सांगितलं की फवारणीचं पाणी अन् संत्र्याचे क्रेट ओढायला पाहिजे, ते खोटं नाही, पण तुमच्यापासून काय लपवू, मले चालवायची हौस आहे. पुण्याकडं एका फार्महाऊसवर एकदा चालवली तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

दोन गाड्या नजरेत आहेत. एक पोलारिस स्पोर्ट्समन ५७०, ती जी आपल्याकडं रस्त्यावर चालणारा ट्रॅक्टर म्हणून पास होऊन आली होती तीच, ५६७ सीसी, आरसी बुक आहे, दुसऱ्या मालकाकडं आहे, पावणेपाच लाख म्हणतो. दुसरी स्क्रॅम्बलर एक्सपी १०००, दोन सिलिंडर, ८९ एचपी, दिसायला अशी की माणूस जेवण विसरते, पण तिचं फक्त बिल आहे, नंबर नाही. विकणारा म्हणते शेतातच चालवायची तर नंबर कायले पाहिजे?

घेतल्यावर २७ इंची टायर, स्नॉर्केल (पाण्यातून जाताना इंजिनाले वरून हवा देणारा पाइप), विंच (फसलेली गाडी दोरानं ओढायची मोटर) अन् मोकळा सायलेन्सर असा विचार आहे. पैसे सगळे एकदम नाहीत, मृग बहाराचा हिशोब झाल्यावर काही येतील. तर कोणती घेऊ, आधी काय बसवू, अन् जुन्या गाडीचं फोर व्हील चालू आहे की नाही हे मेकॅनिक सोबत नसताना कसं पाहू?

धुऱ्यावरचा_म्हातारा

पावणेपाच लाखात बैलजोडी, बंडी अन् वरून पोरीच्या लग्नाचा मांडव होते बाप्पा. बाकी तुमची मर्जी.

पांदणपंत

आबा, तुमचं बरोबर आहे पण त्याले हौस आहे म्हणते ना, हौसेले मोल नसते.

भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातला, माझ्याकडं हीच ५७० आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. बिना नंबरची घेऊ नको. वावरातच चालवीन म्हणतोस पण तूच लिहिलंस की दीड किलोमीटर डांबर आहे, मग रोज ते कसं ओलांडशील, डोक्यावर घेऊन? ट्रॅक्टर म्हणून आलेलीची खरी किंमत त्या कागदात आहे, नंबर, इन्शुरन्स, अन् लायसन्स आपलं साधं चारचाकीचं चालते. आली तेव्हा आठ लाखाच्या आत होती, ३४ एचपी. कागदावर ८९ पुढं ३४ म्हणजे काहीच नाही वाटते पण आपल्या चढावर १५ च्या वर स्पीड जातच नाही, ८९ घोडे कुठी पळवशील, संत्र्याच्या दोन ओळीत?

फोर व्हील कसं पाहायचं ते सांगतो. या गाडीत पुढची चाकं कायम जोडलेली नसतात. एडब्ल्यूडीचं, म्हणजे फोर व्हीलचं, बटण दाबलं की पुढच्या गिअरकेसमधल्या कॉइलमध्ये करंट जाते, अन् मागची चाकं घसरून पुढच्यांपेक्षा जास्त फिरायला लागली की आतले रोलर अडकतात अन् पुढची चाकं ओढायला लागतात. म्हणजे डांबरावर चालवून काहीच कळत नाही. त्याले म्हणा नाल्यातल्या रेतीत न्या. रेतीत थांबून बटण दाब, हळू अंगठ्यानं थ्रॉटल दे, मागचं चाक थोडं उकरेल अन् लगेच पुढचं धरायला पाहिजे. नुसतं मागचंच उकरत बसलं तर कॉइल, वायर किंवा रोलर यातलं काहीतरी गेलं. मल्टिमीटर असेल तर कॉइल २४ ओहमच्या आसपास दाखवते. अजून एक, इंजिन ३१०० आरपीएमच्या वर असताना बटण दाबलं तर ते धरत नाही, आधी थ्रॉटल सोडायचा मग दाबायचं. मी पहिल्या वर्षी हे न समजून फसल्यावर जोरात रेस द्यायचो, वरून बटण दाबायचो, अन् गाडी खराब निघाली म्हणून गावभर बोंबललो. चूक माझीच होती.

अन् खाली वाकून चारही चाकांच्या एक्सलचे रबरी बूट पाहा. बाभळीची फांदी घुसली की तिथून फाटते, ग्रीस बाहेर, माती आत, पुढं एक्सलचा जॉइंट कटकट वाजायला लागते.

गॅरेजवाला_पोट्टा

नागपूरहून. टायरचं बोलतो कारण त्यातच सगळे पैसे घालतात. कंपनीचे २५ इंची असतात. २७ टाकले तर दोन इंच वाढले असं वाटते, पण जमिनीपासून उंची एकच इंच वाढते, दुसरा इंच एक्सलच्या वर जाते. वरून गिअरिंग आठ टक्के लांब होते, म्हणजे गाडी चढावर मरते, इंजिनाची ताकद चाकांकडं नेणारा बेल्ट गरम होते, मग क्लचचे वजन बदला, स्प्रिंग बदला, असा एक खर्च दुसऱ्याले घेऊन येते. तुम्ही २५ चेच पण ६ प्लायचे (थरांचे), खोल नक्षीचे घ्या. काळ्या मातीत टायरची नक्षी मोकळी पाहिजे, जवळजवळ असली की दोन फेऱ्यात टायर गुळगुळीत लाडू.

हवा ५ ते ७ पीएसआय फक्त. पेट्रोल पंपावर भरू नका, तिथलं मीटर एवढं खाली वाचतच नाही, माझ्या एका गिऱ्हाइकाच्या टायरमध्ये पंपावरच्या पोट्ट्यानं सवयीनं ३० भरली होती, गाडी बेडकासारखी उड्या मारत आली. कमी हवेचं वेगळं गेज घ्या, प्लगचा किट अन् छोटा पंप सीटखाली ठेवा, येड्या बाभळीचा काटा ६ प्लायलेही सोडत नाही.

सायलेन्सर राहू द्या. आरसी असलेल्या गाडीत मनानं बदल केला तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आड येते अन् इन्शुरन्सवाल्यालेही कारण मिळते.

पांदणपंत

पोट्टा बरोबर बोलला. माझा क्रम विचारशील तर आधी पोटाखालची प्लेट अन् पुढच्या-मागच्या ए-आर्मचे (चाकं धरणाऱ्या दांड्यांचे) गार्ड, तुझ्या गोट्याच्या चढावर बूट त्यानंच वाचतील. मग टायर. मग २५०० पौंडाचा विंच, दोर सिंथेटिकचाच, तारेचा तुटला तर चाबकासारखा येते. विंचसाठी पट्टा सोबत ठेव अन् बाभळीच्या बुडाले बांध, संत्र्याले बांधशील तर झाडही येईल अन् बायकोही येईल.

स्नॉर्केल आत्ता नको. तुझ्या नाल्याले गुडघ्याएवढंच पाणी असेल तर हळू जा, पुरात जायचंच नाही. बेल्टच्या डब्यात पाणी गेलं तर बेल्ट घसरते, इंजिन ओरडते पण गाडी हलत नाही, घाबरू नको, खालचा प्लग काढून पाणी सोड, न्यूट्रलमध्ये थोडी रेस दे, वाळते. ओढताना, चढताना, चिखलात लो गिअरच लाव. हायमध्ये क्रेट ओढून मी एक बेल्ट जाळला, वास घरापर्यंत आला होता.

रेडिएटरही पाहत जा. चिखल अन् कुसळ बसते, अन् मे महिन्यात आपल्याकडं ४५ डिग्री, मग गाडी तापली म्हणून रडायचं नाही. साध्या पाइपनं आतून बाहेर धुवायचा, प्रेशरच्या पाण्यानं फिन वाकतात.

रानवाट

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. ट्रेल म्हणून वनहद्दीत जाऊ नका. मेळघाट तर व्याघ्र प्रकल्पच आहे, पण तुमच्या वरच्या साध्या राखीव जंगलातही परवानगीशिवाय गाडी घालता येत नाही, १९२७ चा वन कायदा आहे, अभयारण्यात तर १९७२ चा वन्यजीव कायदाही लागतो, गाडी जप्त होऊ शकते. आपल्या वावरातच चार फेऱ्यांची वाट काढा.

अन् ही एकट्याची गाडी आहे, मागं कोणाले बसवू नका, चढावर पुढचं उचलते. १६ वर्षांखालच्या पोराच्या हातात तर नाहीच. आमच्या भाच्यानं बाईकच्या सवयीनं हँडल घट्ट आवळलं, अंगठा थ्रॉटलवरच दाबून राहिला, समोर म्हैस. म्हैस वाचली, तो तुरीत गेला.

वावरातला_गडी

मंडळी, काल जाऊन आलो. हजारवाली पाहायलाच नाही गेलो, पाहिली असती तर घेऊन आलो असतो.

५७० रेतीत नेली. पहिल्यांदा मागचंच उकरलं, मालक म्हणे असंच असते. मग पंतांनी सांगितल्यासारखं थांबलो, थ्रॉटल सोडला, बटण दाबलं, हळू अंगठा दिला, तरी तेच. खाली झोपून पाहिलं तर पुढं डाव्या बाजूले कॉइलची वायर उंदरानं कुरतडलेली, तांबं उघडं दिसत होतं. तिथंच दोन टोकं पिळून टेप मारला अन् पुन्हा केलं, तर पुढच्या चाकांनी एकदम हिसका देऊन गाडी रेतीतून काढली, माझी टोपी मागं पडली. मागचा उजवा बूटही फाटलेला आहे, आतल्या बाजूले सगळीकडं काळं ग्रीस उडालेलं. वायर अन् बूट दाखवून सव्वाचारवर आणला, इसार दिला.

आबा, बैलजोडी पुढच्या वर्षी.

आता एवढंच सांगा, बूट नुसता बदलून जमेल का जॉइंटही उघडावा लागेल? हँडल पूर्ण वळवून चालवलं तेव्हा कटकट नाही आली, पण बोटानं ग्रीस काढून पाहिलं तर रेतीसारखं कचकच लागलं.

गॅरेजवाला_पोट्टा

कचकच लागलं म्हणजे माती गेली आत. जॉइंट उघडा, पूर्ण धुवा, नवीन ग्रीस भरा अन् मगच बूट चढवा. घरी नाही जमलं तर एक्सल काढून पाठवा नागपूरले, गाडी आणू नका.