मोसिन-नागान ९१/३०: नंबर सगळे जुळतात, पण बोल्ट अडकतो

ओहायोकर
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. मोसिन ९१/३० (जुनी सोव्हिएत लष्करी रायफल), इझेव्स्क कारखाना, १९४३. नळीच्या मागच्या टोकावर, बोल्टवर (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग), मॅगझिनच्या तळपट्टीवर आणि दस्त्याच्या मागच्या पत्र्यावर एकच नंबर आहे. विकणारा ‘सगळे नंबर जुळतात’ म्हणून दीडपट भाव सांगतो आहे. रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) एक चौकोन आहे, त्यात तिरकी रेघ. रेंजवर पहिल्या चार-पाच गोळ्यांनंतर बोल्ट इतका घट्ट बसतो की तळहाताने ठोकावा लागतो. काडतुसे बंद पत्र्याच्या डब्यातली, बुडावर १८८ आणि ८६.
जास्तीचा भाव द्यावा का? बोल्टचे काय करायचे? आणि लाकडावरचा लालसर चकचकीत थर खरवडून काढला तर चालेल का?

शिक्का_वाचणारा
भावापासून सुरुवात करतो. चौकोन आणि तिरकी रेघ म्हणजे रायफल युद्धानंतर सोव्हिएत आर्सेनलमधून, म्हणजे लष्करी शस्त्रागारातून, पूर्ण दुरुस्त होऊन निघाली आहे. तिथे रायफली सुट्या करत, चांगले भाग एकत्र करून नव्या जोडत आणि नळीवरचा नंबर बाकीच्या भागांवर मारत. म्हणजे हे नंबर ‘जुळलेले’ नाहीत, ‘जुळवलेले’ आहेत.

ओळखायचे कसे? बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी भिंग लावा. जुना नंबर घासल्याची सपाट जागा दिसेल, किंवा जुन्या नंबरावर आडवी रेघ आणि शेजारी नवा नंबर. काही वेळा नंबर विजेच्या पेन्सिलीने कोरलेला असतो. नळीवरच्या आकड्यांचा साचा आणि तळपट्टीवरच्या आकड्यांचा साचा वेगळा असेल तर विषयच संपला. दुरुस्त रायफल वाईट असते असे नाही, उलट गोळी झाडायला तीच बरी. फक्त ‘मूळ’ म्हणून दीडपट पैसे मोजू नका.

वर्षाच्या आकड्यामागे इंग्रजी ‘आर’सारखे अक्षर दिसले तर तो कारखान्याचा कोड नव्हे. ते रशियन ‘ग’, म्हणजे ‘गोद’, अर्थात वर्ष. बरेच जण इथे फसतात. कारखाना चिन्हावरून ओळखायचा: त्रिकोणात बाण म्हणजे इझेव्स्क, चांदणीत बाण म्हणजे तुला. १९४३ च्या इझेव्स्क रिसीव्हरवर लेथच्या पात्याचे ओरखडे दिसणारच, तो दोष नाही. युद्धकाळाची ती सही आहे. घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नका.

आणखी एक गोष्ट तपासाच. रिसीव्हरच्या डाव्या भिंतीत दोन मोठी भोके स्क्रूने बुजवून वेल्ड केलेली आहेत का? असतील तर ही पूर्वी ३.५ पट पीयू दुर्बीण लावलेली स्नायपर होती आणि दुर्बीण काढून साधी केली. तसे निघाले तर जास्तीचा भाव गुपचूप देऊन टाका.

गंज_नको
बोल्टबद्दल. आधी निदान, मग इलाज. रिकाम्या रायफलच्या बोल्टचा दांडा उचलून बघा. रिकामा असतानाच जड जात असेल तर ग्रीस बोल्टच्या आत, स्प्रिंगभोवती आहे. रिकामा हलका आणि गोळी झाडल्यावरच घट्ट, तर दोष चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागी. तुमचे वर्णन दुसऱ्या प्रकारचे आहे.

लोक लॅकर लावलेल्या पोलादी काडतुसांना दोष देतात. बहुतेक वेळा गुन्हेगार चेंबरमध्ये वाळून वार्निशासारखे झालेले साठवणीचे ग्रीस असते. चार गोळ्यांनी चेंबर तापते, थर चिकट होतो आणि काडतूस धरून ठेवतो. २० गेजच्या शॉटगनचा ब्रॉन्झ ब्रश सळईच्या छोट्या तुकड्यावर लावा, मिनरल स्पिरिट्समध्ये (रंग पातळ करायचे द्रव) भिजवून मागून चेंबरमध्ये घाला आणि गोल फिरवा. पंधरा मिनिटे मुरू द्या, पुन्हा फिरवा, कापडाने पुसा. कापड तपकिरी यायचे थांबेपर्यंत हेच. सँडपेपर चुकूनही नको. चेंबरला ओरखडे पडले तर काडतूस आणखी धरेल.

बोल्ट लाकडी हातोडीने ठोकणारे व्हिडिओ आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

आता तुमच्या डब्याकडे. १८८ म्हणजे नोवोसिबिर्स्क, ८६ हे वर्ष. सोव्हिएत लष्करी साठ्यातले काडतूस गंज आणणारेच धरून चालायचे. प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातली पेटवणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असते, जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. ते मिठासारखेच हवेतला ओलावा ओढते. तेलात मीठ विरघळत नाही, त्यामुळे नुसते तेल लावून ठेवलेली नळी दोन दिवसांत तांबूस होते. काच पुसायच्या अमोनियावाल्या फवाऱ्याचे कौतुकही फुकटच. त्यात काम करते ते पाणी.

घरी आल्यावर, शक्यतो त्याच दिवशी: बोल्ट काढा, नळीचे तोंड खाली बादलीत धरा, चेंबरमधून नरसाळ्याने लिटरभर उकळते पाणी ओता. पोलाद इतके तापते की उरलेला ओलावा आपोआप उडतो. बोल्टचे डोके वेगळे निघते, तेही गरम पाण्यात बुडवा. फायरिंग पिनच्या (प्रायमरवर आदळणारी सुई) भोकात मीठ हमखास राहते. मग कोरडे कापड, मग नेहमीची सफाई, शेवटी तेल. दुसऱ्या दिवशी एक पांढरे कापड फिरवा. तांबूस आले तर पुन्हा पाणी. रायफलबरोबरची दोन तोंडांची तेलाची कुपी याचसाठी: एका कप्प्यात क्षारद्रव, दुसऱ्यात तेल.

शिक्का_वाचणारा
वरच्या उत्तराला पुरवणी. बोल्ट सुटा केला की फायरिंग पिन परत बसवताना चूक होते. बोल्टचा मागचा तुकडा पिनवर आट्यांनी बसतो. पिनच्या बुडाची खाच मागच्या तुकड्यावरच्या रेघेशी जुळली पाहिजे. नंतर रायफलच्या पान्याने मोजा: त्यावर ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. पिन ९५ च्या खाचेखालून सुटली पाहिजे आणि ७५ ला अडकली पाहिजे. जास्त बाहेर असेल तर प्रायमर फुटून गॅस तोंडावर येतो, कमी असेल तर गोळी सुटत नाही.

दुसऱ्या रायफलच्या बोल्टचे डोके लावले तर हेडस्पेस गेजने (बंद बोल्ट आणि काडतूस यांतली फट मोजायचे माप) तपासल्याशिवाय झाडू नका.

नळीच्या तोंडात गोळीचे टोक घालून झीज मोजणाऱ्यांनी आधी टॉर्च मारावी. आर्सेनलमध्ये झिजलेले तोंड आतून मोठे करून टाकत, त्यामुळे नळीतले पिळाचे आटे थोडे आत सुरू होतात. अशा नळीत गोळी खोलवर जाते आणि चांगली नळीही बाद वाटते.

ओहायोकर
फार उपयोगी. लाकडाचे राहिले. आणि रेंजवाले गोळ्यांना चुंबक लावून बघतात, ते का?

गंज_नको
तो थर शेलॅक (लाखेचे वार्निश) आहे, आर्सेनलमध्येच लावलेला. काढू नका, संग्राहक तोच बघतात. मिनरल स्पिरिट्सने ग्रीस निघते आणि शेलॅक टिकतो. अल्कोहोलचा बोळा मात्र शेलॅकच उतरवेल. चुंबकाचे म्हणाल तर, पोलादी गाभ्याची गोळी मागच्या पोलादी पत्र्यांना खड्डे पाडते. पण या गोळ्यांचे वरचे कवचही पोलादी असते, त्यामुळे शिशाच्या गाभ्याची गोळीसुद्धा चिकटते. रेंजवाला ऐकत नाही. वाद घालू नका, दुसरी रेंज शोधा.

कागदपत्रवाला
पुढे आणखी घ्यायच्या असतील तर सी अँड आर (जुन्या, संग्रहणीय शस्त्रांचा) परवाना काढा, म्हणजे टाइप ०३ चा एफएफएल, अमेरिकेचा संघीय शस्त्र परवाना. ३० डॉलर, तीन वर्षे. ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपातली शस्त्रे दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी येतात. राज्याचे कायदे वेगळे पाहा. येणे-जाणे वहीत नोंदवायचे आणि धंदा करायचा नाही. प्लास्टिकचा दस्ता लावला की ‘मूळ स्वरूप’ गेले.

फिनलंडकडची, म्हणजे चौकटीत एसए असा शिक्का असलेली मोसिन दिसली तर दस्ता उतरवून रिसीव्हरच्या शेपटीखालचे वर्ष वाचा. नळी १९४२ ची असली तरी रिसीव्हर १८९८ किंवा त्याआधीचा असेल, तर अमेरिकी संघीय कायद्याने ती अँटिक ठरते.

आणि पुण्याला जाताना रेंजवर नेलेली सॅक प्रवासाला घेऊ नका. तळाशी राहिलेले एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवायला पुरते.