२० मीटर कॅटमरान (जुळ्या धडांची बोट): दोन हलमध्ये (धडांमध्ये) अंतर किती ठेवावं?

प्रश्न: जलरेषेवर लांबी २० मीटर, वेग १८ नॉट. दोन हलच्या मध्यरेषांत ५ मीटर अंतर पुरेल का? की सरळ स्वाथ (मुख्य धडं पाण्याखाली आणि जलरेषेवर फक्त अरुंद खांब असलेली जुळी बोट) करावं?

उत्तर, लाटवेडा: १८ नॉट म्हणजे ९.२६ मी/से, फ्रूड अंक (लांबीच्या मानाने वेगाचं माप) ०.६६. लाटरोधाचा (बोट लाटा उठवते त्यामुळे होणाऱ्या अडथळ्याचा) उंचवटा फ्रूड अंक ०.५ च्या आसपास, म्हणजे १३-१४ नॉटला येतो; तो तुम्ही ओलांडताय. त्याच टप्प्यावर दोन्ही हलच्या लाटा मध्ये एकमेकींत मिसळून रोध वाढवतात. अंतर ६-७ मीटर केलं तर त्रास कमी, पण हल जोडणाऱ्या आडव्या तुळयांवर वाकवणारा भार वाढतो. हलची रुंदी लांबीच्या बाराव्या भागापेक्षा जास्त नको.

उत्तर, डोलकाठी: अंतराचं नंतर बघा, आधी ब्रिजडेकची (दोन हल जोडणाऱ्या मधल्या डेकची) उंची सांगा! पूर्ण भारात पाण्यापासून १.२ मीटर तरी हवी, नाहीतर समोरून येणारी लाट खालून आपटते. वजन वाढलं की पहिली हीच उंची जाते.

उत्तर, सुकाणू: स्वाथ लाटांत शांत, खरंय. पण जलरेषेचं क्षेत्रफळ ८ चौ.मी. धरलं तर १ टन वाढताच बोट सुमारे १२ सेंमी बुडते. इंधन संपेल तसं बॅलास्ट (वजन राखायला टाक्यांत पाणी) भरत राहा. वेगात नाक खुपसू नये म्हणून फिन (पाण्याखालचे छोटे आडवे पंख) हव्यातच. भिजणारा पृष्ठभागही जास्त, म्हणजे पाण्याचं घर्षणही जास्त. इंधन वाचवायचं असेल तर कॅटमरानच.