चट्टा मळाचा नाही, झिलई गेल्याचा आहे

कडक क्लीनर सांडून आंघोळीच्या टबात पडलेला पांढरट चट्टा कितीही घासला तरी जात नाही म्हणताय, तो जाणारही नाही. तिथली झिलईच खाल्ली गेलीय. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंडावर इनॅमल, म्हणजे काचेसारखा कडक थर आहे. ते घासलं की आणखी खरबरीत होतं, तिथे नवं कोटिंगच लागतं. नाही चिकटला तर बहुधा अ‍ॅक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. त्यावर ८०० नंबरचा वॉटरपेपर (पाण्यात वापरायचा सँडपेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) ओला करून हलक्या हाताने फिरवा, मग १५००, मग २०००, शेवटी पॉलिश. मी घाईत १५०० गाळला, तिथला धुरकट ठिपका अजून डोळ्यांत खुपतो! अ‍ॅसिटोन मात्र लावू नका, अ‍ॅक्रिलिक विरघळतं. आणि क्लीनर अ‍ॅसिडचा असेल तर वरून ब्लीच मुळीच नको, क्लोरीन वायू सुटतो.